दारात नाही वाजवणार

"तुमच्यात कुणीतरी शहनाई वाजवतं म्हणे?" राजाध्यक्षांनी विचारलं, आणि गप्प बसायचं सोडून मी तोंड उघडलं.

तालमीची मधली सुट्टी होती. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरातल्या एका सभागृहाच्या मागच्या बोळात आम्ही सगळे कागदी पेल्यांतून कॉफी पीत उभे होतो. राजाध्यक्ष म्हणजे आमच्या प्रायोजक कंपनीचे, जयदुर्ग पोलादचे, जनसंपर्क अधिकारी. तिसऱ्या मजल्यावर सकाळी सहा वाजता शहनाईसारखं काहीतरी वाजतं, अशी हॉटेलच्या काउंटरवर कुणीतरी तक्रार केली होती, त्याचा ते शोध घेत होते. व्हायोलिनवाल्यांनी खांदे उडवले. ट्रम्पेटवाले कॉफीत बघायला लागले. माहीत सगळ्यांना होतं, पण ते सगळे शहाणे होते.

"आमचे हरिभाऊ," मी म्हणाले. "हरिभाऊ वाजंत्री. माझ्या शेजारी बसतात, सेकंड ओबो. घरची सनई आहे त्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. एकदा ऐकाल ना, तर हातातली कॉफी प्यायची विसराल."

"अरे वा! वाजंत्री. आडनावच वाजंत्री?" राजाध्यक्षांनी खिशातली छोटी वही काढून लिहून घेतलं. "काय ऑथेंटिक आहे हो."

तो शब्द ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि हरिभाऊंचं कौतुक सांगताना माझीच कॉलर ताठ व्हायची. त्या दिवशी माझ्या जिभेने जे केलं, ते निस्तरायला मला पुढचे तीस तास लागले. पूर्ण निस्तरलं असंही म्हणवत नाही.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या नावात 'राष्ट्रीय' होतं, पण राष्ट्राने आमच्यासाठी कधी साधं स्टुलही विकत घेतलं नव्हतं. बहात्तर जणांची ती सिम्फनी मुंबईत एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी करायची आणि वर्षातून सहा कार्यक्रम द्यायची. मग जयदुर्ग पोलादला लिंझमधल्या एका कारखान्याशी करार करायचा होता म्हणून त्यांना आमची आठवण झाली. विमानाची तिकिटं त्यांची, हॉटेल त्यांचं, काळे कोट त्यांचे आणि कोटाच्या खिशावरचं चिन्हही त्यांचंच. पोस्टरवर कंपनीचं नाव एवढं ठसठशीत होतं की सिम्फनी रचणाऱ्याचं नाव शोधायला चष्मा लावावा लागे. आमची कुणाची तक्रार नव्हती. परदेशातल्या खऱ्या सभागृहात वाजवायला मिळतंय म्हटल्यावर आम्ही कपाळावरसुद्धा ते चिन्ह लावून घेतलं असतं.

ओबो तुम्ही पाहिला नसेल, तर परदेशात राहून आलेला सनईचा चुलतभाऊ समजा. तोंडाशी दोन पात्यांची बारीकशी रीड. ती पाण्यात किंवा तोंडात भिजवायची. ओली असेल तरच वाजते, सुकली की नुसती फुसफुसते. एवढ्याशा त्या वाद्याला ऑर्केस्ट्रात एक मान असतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख उभा राहतो आणि ओबोकडे बघून मान हलवतो. मग पहिला ओबो एक सूर देतो. त्या सुरावर सगळे आपापली वाद्यं लावून घेतात, आणि त्यानंतरच संगीत संचालक, म्हणजे कंडक्टर, रंगमंचावर येतो. जगात कुठेही जा, हीच रीत. अहमदनगरच्या मिशन कंपाउंडमधल्या, चर्चच्या ऑर्गनवाल्याची मुलगी असलेल्या मला, कृपा ओहोळला, हा मान मिळवायला अकरा वर्षं लागली होती.

हरिभाऊ माझ्या डाव्या हाताला बसायचे. वय सत्तावन्न, मिशा पांढऱ्या, पाठ पट्टी लावल्यासारखी सरळ. मिरजेजवळच्या एका खेड्यातले. बावीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये काढलेली, तिथेच ओबो शिकले, तिथेच युरोपियन नोटेशन वाचायला शिकले. मला ते 'बाई' म्हणायचे आणि वाजवताना मी चुकले तर पानाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायचे. तोंडाने कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी दुपारी हॉटेलच्या लॉबीत राजाध्यक्षांनी त्यांना गाठलं. बरोबर आमचे मॅनेजर लोबोसाहेब होते. लोबो म्हणजे वांद्र्याचा गोड माणूस, पण जयदुर्गचं नाव काढलं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मीही हरिभाऊंच्या बाजूला जाऊन बसले, कारण मला वाटलं कौतुक होणार आहे.

"हरिभाऊ, उद्या संध्याकाळी साडेपाचला," राजाध्यक्ष म्हणाले, "आपले चेअरमन भैयासाहेब सरलष्कर स्वतः पाहुण्यांचं स्वागत करणार आहेत. कारखान्याचे डायरेक्टर्स, शहराचे महापौर. तर तुम्ही सभागृहाच्या पायऱ्यांवर उभं राहून शहनाई वाजवायची. फेटा, अंगरखा, सगळं आम्ही मागवलंय. फक्त वीस मिनिटं. पाहुणे आत जाईपर्यंत."

हरिभाऊंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "न्हाई जमायचं, साहेब."

"म्हणजे? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत हाय. दारात न्हाई वाजवणार."

राजाध्यक्ष हसले. समजूत काढणारी माणसं हसतात तसं. "अहो, मंगलवाद्य आहे. आपली संस्कृती. त्यात कमीपणा कसला?"

"सनईत कुठला आलाय कमीपणा? रोज सकाळी वाजवतो की." हरिभाऊंचा आवाज जराही चढला नव्हता. "उद्या मध्यंतरात आत बोलवा. लोक खुर्चीवर, मी खुर्चीवर. तासभर वाजवतो. फुकट वाजवतो. पर दारात न्हाई."

"प्रोग्रॅम छापून झालाय, हरिभाऊ."

"मग ऱ्हाऊ द्या."

लोबोसाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. "अरे हरिभाऊ, ऐक ना बाबा. ट्वेंटी मिनिट्सचा मामला आहे. चेअरमनचा शब्द आहे रे."

आणि आता लाज वाटणारी गोष्ट सांगते. त्या क्षणी मीसुद्धा म्हणाले, "हरिभाऊ, वीसच मिनिटं तर आहेत. वाजवा ना. लोक वेडे होतील ऐकून."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. माझ्या पानावर फुली मारताना बघायचे तसंच पाहिलं. मग उठले, त्या दोघांना नमस्कार केला आणि जिन्याने वर गेले.

मी त्यांच्या मागे गेले. तिसऱ्या मजल्यावर ते आपल्या खोलीच्या दाराशी थांबले.

"बाई, सनईच्या ताफ्यात किती माणसं असतात, ठाऊक हाय?"

"चार?"

"चार. एक सनई वाजवणार. एक त्याला साथ करणार. एक संबळ. आन्‌ चौथा नुसता सूर धरणार. एकच सूर. लगीन लागंस्तवर, वरात निघंस्तवर, एकच. ते काम पोरांचं. मी सातव्या वर्षापास्नं धरला. चुलता वाजवायचा, बाप साथ करायचा, मी सूर धरायचो. नाकानं दम घ्यायचा, गालात साठवायचा, तोंडानं सोडायचा. सूर तुटला तर चुलता कानफटात मारायचा."

"मग?"

"मग काय? मांडव आत, आमी भाईर. पंगत आत, आमी भाईर. सगळ्यांची उठली की मग आमची पानं, ती बी गोठ्याकडंला. लोक आमच्या अंगावरनं आत जायाचे. ऐकायला कुणी थांबत नव्हतं, दारातलं वाजणं ऐकायचंच नसतंय. आतल्याला कळावं कुणीतरी आलंय, एवढंच त्याचं काम." त्यांनी किल्ली फिरवली. "मी फौजेत का गेलो, ठाऊक हाय का? तिथल्या बँडमास्तरनं पयल्या दिवशी मला खुर्ची दिली, म्हणून."

आमच्या नगरच्या कंपाउंडमध्ये जी माणसं राहायची, त्यांच्या आजोबा-पणजोबांना गावात कुठे उभं करत, हे मला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. तरीही वीसच मिनिटं म्हणाले होते. माझ्याच थोबाडीत द्यावी असं वाटलं मला.

"चुकलं, हरिभाऊ," मी म्हणाले. "सनईचं त्यांना मीच सांगितलं."

"ठाऊक हाय. दुसरं कोण सांगणार?" आणि पहिल्यांदाच मिशीत हसले. "रीड करून ठेवा उद्याची. तुमची वरच्या सुरात कच्ची वाजतीया."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तालमीला हरिभाऊंच्या खुर्चीवर एक सोनेरी दाढीचा तरुण ऑस्ट्रियन बसला होता. होल्झर त्याचं नाव. जयदुर्गने कुठे काही उणं पडू नये म्हणून तिथले सहा वादक आधीच भाड्याने घेऊन ठेवले होते, त्यांतला हा एक. फलकावर नवी यादी लागली होती. हरिभाऊंच्या नावावर रेघ, आणि पुढे इंग्रजीत 'तब्येतीच्या कारणास्तव'.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या फलकासमोर कळलं. मी तरातरा लोबोसाहेबांच्या खोलीत गेले.

"हरिभाऊंना काय झालंय?"

"कृपा, हळू बोल."

"काय झालंय त्यांना? ताप? हगवण? सांगा ना, औषध आणते."

"अगं, मी काय करू?" लोबो जवळजवळ रडकुंडीला आला होता. "चेअरमन म्हणाला, ज्याला आपल्या कंपनीसाठी वीस मिनिटं नाहीत, तो आपल्या पैशाने स्टेजवर कशाला? परतीची तिकिटं त्यांच्याकडे आहेत. सेव्हंटी-टू लोक आहेत माझ्याकडे. पुढच्या वर्षीचं सगळं त्यांच्यावर आहे. एका माणसासाठी सगळी सिम्फनी बुडवू?"

"हो."

"तू यंग आहेस म्हणून बोलतेस." त्याने खोलीचं दार लावून घेतलं. "आणि एक ऐक. फर्स्ट ओबोपण इकडे भाड्याने मिळतो. तू गप्प राहा. मुलगी म्हणून सांगतो."

मी बाहेर आले. हरिभाऊ बोळात बाकावर बसले होते, मांडीवर ओबोची पेटी. लोबोने त्यांना प्रेक्षागृहातलं एक तिकीट दिलं होतं, शेवटून दुसऱ्या रांगेतलं. ते त्यांनी नीट घडी घालून पाकिटात ठेवलं होतं.

"तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?" मी विचारलं.

"काय बोलायचं?"

"भांडायचं."

"भांडून खुर्ची मिळत न्हाई, बाई. भांडून लई तर स्टूल मिळतंय." ते उठले. "तुमी वाजवा. मन लावून वाजवा."

दिवसभर मी माणसांना धरून धरून सांगत होते. आपण सगळ्यांनी मिळून जाऊ, म्हणू की हरिभाऊ नाहीत तर आम्हीही नाही. कुणाच्या मुलीची फी भरायची होती, कुणाचा ईएमआय होता, एकाला तर पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत बसवायचं कबूल झालं होतं. वाईट सगळ्यांना वाटत होतं. वाईट वाटण्यात तर आमचा ऑर्केस्ट्रा अगदी सुरात होता. संध्याकाळपर्यंत बाकीची सत्तर माणसं मूग गिळून बसली, आणि मी त्यांना शिव्या देऊन देऊन दमले.

साडेपाचला सभागृहाच्या पायऱ्यांवर फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. हातात सनई नव्हती, तबकात गुलाबाची फुलं होती. जयदुर्गच्या ऑफिसातला कारकून होता तो. त्याच्या शेजारी स्पीकर लावून सनईची सीडी वाजवत होते. पाहुणे त्याच्या बाजूने बोलत बोलत आत गेले. एकही थांबला नाही.

सात वाजता आम्ही रंगमंचावर जाऊन बसलो. बाराशे माणसांचं सभागृह भरलेलं होतं, दोन टीव्ही कॅमेरे लागले होते. पहिल्या रांगेत मधोमध भैयासाहेब सरलष्कर, अंगात जोधपुरी, शेजारच्या गोऱ्या पाहुण्याच्या कानाशी लागून बोलत होते. रांगेच्या टोकाला राजाध्यक्ष. माझ्या डाव्या हाताला होल्झर. त्याने मला नम्रपणे मान लववून नमस्कार केला, रीड नीट बसवली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

विंगेत नजर गेली आणि मी दचकले. पडद्याच्या कडेला हरिभाऊ उभे होते. शेवटून दुसरी रांग सोडून इथे. काळा कोट, बटणं लावलेली, हातात ओबो, तोंडात रीड. कुणाशी बोलत नव्हते, काही मागत नव्हते. नुसते उभे. लोबो त्यांना दंडाला धरून मागे ओढायला बघत होता, आणि ते फौजी माणसासारखे जागच्या जागी रोवून उभे होते.

दिवे मंद झाले. आमचा व्हायोलिनप्रमुख नोशीर उभा राहिला. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. सूर दे.

मी ओबो उचलला. शपथेवर सांगते, तोपर्यंत माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांना शूर व्हायला सांगत फिरले होते, पण स्वतः काय करायचं याचा विचारच केला नव्हता. आणि आत्ता कळलं की या बाराशे माणसांचा, त्या कराराचा, त्या कॅमेऱ्यांचा कार्यक्रम माझ्या एका फुंकरीवर अडलाय. मी वाजवत नाही तोवर कुणीच वाजवत नाही.

मी ओबो मांडीवर ठेवला.

नोशीरला वाटलं, रीड अडकली असेल. त्याने थोडं थांबून पुन्हा मान हलवली. मी मान हलवली नाही. सभागृहात कुणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा त्याने भुवया उंचावल्या, आणि माझ्याकडे बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्याला कळलं. तो बसला नाही. तसाच उभा राहिला. नोशीरला मी दिवसभर जे जे म्हणाले होते, ते त्या क्षणी मनातल्या मनात सगळं मागे घेतलं.

विंगेतून लोबो हातवारे करत होता. पहिल्या रांगेत राजाध्यक्ष अर्धवट उठले. होल्झरला वाटलं मी घाबरलेय. मदत करावी म्हणून त्याने आपला ओबो ओठांना लावला. आता हा सूर देणार आणि खेळ संपणार. मी झटकन हात पुढे करून त्याचा ओबो खाली केला.

"ही खुर्ची त्या माणसाची आहे," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुजबुजले आणि विंगेकडे बोट दाखवलं.

त्याने पाहिलं. "पण ते आजारी आहेत ना?"

"आजारी दिसतात का?"

होल्झर हरिभाऊंकडे बघत राहिला. कोट, ओबो, तोंडातली रीड. वादकाला वादकाचं लगेच कळतं. कुठलाही माणूस उगाच तोंडात रीड धरून उभा राहत नाही. त्याने शांतपणे आपली रीडची डबी उचलली, ओबो उचलला, माझ्यापुढे किंचित झुकला आणि उठून चालायला लागला. त्या शांत सभागृहात त्याच्या बुटांचा आवाज स्पष्ट येत होता. विंगेशी पोहोचल्यावर त्याने हरिभाऊंशी हस्तांदोलन केलं आणि त्यांना वाट करून देत बाजूला झाला. लोबोने हरिभाऊंचा दंड सोडला. बाराशे लोकांसमोर धरून ठेवणार तरी कसा?

हरिभाऊ आले. परेडला चालावं तसे, घाई न करता. खुर्ची दोन बोटं पुढे ओढली, बसले, रीड ओबोला लावली.

"बाई, लोक वाट बघत्यात. सूर द्या."

"तुम्ही द्या."

"ते तुमचं काम हाय."

"आज तुमचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हुकूम?"

"हुकूम."

आणि हरिभाऊ वाजंत्रींनी सूर दिला.

आधी लाकडी वाद्यांनी लावून घेतलं, मग पितळी, मग व्हायोलिन, व्हिओला, चेलो. दिवसभर मूग गिळून बसलेली ती सगळी माणसं त्या एका सुरावर आपापली वाद्यं पिळत होती, आणि मला दिसत होतं की आज कुणालाच घाई नाही. पुन्हा पुन्हा लावून घेत होती. शेवटी एकेक जण थांबला. नोशीर खाली बसला. सगळं शांत झालं.

हरिभाऊ थांबले नाहीत.

तोच सूर. सरळ, भरलेला, कुठे थरथर नाही. पहिल्यांदा लोकांना वाटलं, आता थांबेल. मग वाटलं, दम संपेल. मी बाजूलाच होते, मला त्यांचे गाल दिसत होते, फुगत होते, बसत होते, नाकातून श्वास जात होता. सूर मात्र तुटत नव्हता. सातव्या वर्षी लग्नघरांच्या दाराबाहेर शिकलेलं काम होतं ते. मी मनात आकडे मोजायला लागले. साठ झाले. नव्वद झाले. भैयासाहेब अजून पाहुण्याच्या कानाशी बोलतच होते, कारण त्यांच्या लेखी अजून काही सुरू झालेलं नव्हतं. हरिभाऊ सरळ त्यांच्याकडे बघत वाजवत होते. एकशे दहाच्या आसपास त्या गोऱ्या पाहुण्याने हात वर करून भैयासाहेबांना गप्प केलं आणि रंगमंचाकडे बोट दाखवलं. भैयासाहेबांनी वर पाहिलं. त्यांचं बोलणं थांबलं. उभे असलेले राजाध्यक्ष हळूच खाली बसले. बाराशे माणसांत एकही आवाज उरला नाही.

तेव्हा हरिभाऊंनी सूर सोडला. रुमालाने मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता करा सुरू."

कार्यक्रम चांगला झाला. सिम्फनीच्या दुसऱ्या भागात हरिभाऊ एका जागी चुकले, अर्ध्या मात्रेने आधी आले. मी माझी पेन्सिल काढून त्यांच्या पानावर बारीक फुली मारली. त्यांचे खांदे हसण्याने हलताना मला दिसले, आणि पुढच्या ओळीत मीच चुकले.

परत आल्यावर आठवड्याभरात मला आणि हरिभाऊंना कामावरून काढल्याची पत्रं मिळाली. जयदुर्गने पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी प्रायोजित केलं, बहुतेक गोल्फ. ऑर्केस्ट्रा दीड वर्ष रडतखडत चालला आणि मग बंद पडला. लोबोसाहेब मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुझ्यामुळे." मी म्हटलं, "हो, माझ्यामुळे." आणि त्यांना चहाला नेलं. त्यांनी तीन कप घेतले. नोकरी गेल्याचं मला दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. पुष्कळ झालं. आता मी नगरला शाळेत संगीत शिकवते, ओबो वर्षातून चार-पाच वेळा बाहेर निघतो. पण ती संध्याकाळ परत आली, तर ओबो मी परत मांडीवरच ठेवेन. फक्त या वेळी दिवसभर लोकांची आर्जवं करण्यात वेळ घालवणार नाही.

सहा वर्षांनी मी हरिभाऊंच्या गावी गेले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, अजून लग्नाची बोलावणी येतात. "मी एकच इचारतो. खुर्ची कुठं मांडताय? आत म्हणले तर जातो. न्हाईतर त्यांनी सीडी लावावी."

चहा झाल्यावर मी विचारलं. इतकी वर्षं मनात ठेवलेलं होतं.

"हरिभाऊ, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का, मी सूर देणार नाही म्हणून?"

"तुमालाच ठाऊक नव्हतं, मला कुठनं असणार?"

"मग रीड का भिजवली होती? नावावर रेघ मारली होती. कुणी बोलावणार नव्हतं. तरी विंगेत तोंडात रीड धरून का उभे होता?"

त्यांनी शेजारच्या कोनाड्यातून सनई काढली, तिची पत्ती, म्हणजे सनईची रीडच, सोडवली आणि जिभेवर ठेवली. मग ती काढून बोलले.

"आमचा बाप दारात बसला की पत्ती तोंडात ठेवायचा. वाजवणं झालं तरी. जेवायच्या आधी, जेवणानंतर, पार घरी येईस्तोवर. आई वरडायची. तर म्हणायचा, आत पावण्यांची बैठक हाय, एखाद्याला वाटलं, बोलवा त्या वाजंत्र्याला आत, बसून ऐकू, तर पत्ती सुकलेली नको. चाळीस वर्सं त्यानं पत्ती वली ठेवली, बाई. बोलावणं एकदा बी आलं न्हाई."

"म्हणून तुम्हीही वाट बघत होता?"

"छे! वाट बाप बघत होता." हरिभाऊ सरळ झाले. "मला पक्कं ठाऊक होतं, कुणी बोलवत न्हाई. पर बोलावणं त्यांचं असलं, तरी पत्ती माझी हाय. त्यांनी बोलवलं न्हाई म्हणून ती मी का सुकवू?"

त्यांनी पत्ती पुन्हा तोंडात ठेवली आणि नरम केली. मग ते म्हणाले, "बाई, आत चला. आत बसून वाजवतो," आणि माझ्यासाठी दुसरी खुर्ची उचलून घेऊन घरात गेले.